परसात माकडं, साप, बिबट्या येतात? मग या चुका टाळा

आमचं घर रत्नागिरीकडे, मागे परस आणि परसाला लागूनच काजू-आंब्याची कलमं नि पुढे रान, त्यामुळे जनावरं येणारच, ते काही थांबत नाही, पण त्रास वाढतो तो बहुतेक आपल्याच चुकांनी.

सगळ्यात मोठी चूक, खायला घालणं. आमच्या काकूने एका वानरीला उरलेली भाकरी दिली, पोटाला पिल्लू चिकटलेलं होतं, कुणालाही मायाच येईल. पण आठवड्याभरात आख्खी टोळी पडवीत, आणि एक दिवस भाकरी नाही दिसली तर खिडकीच्या गजातून काळा हात आत आला नि ओट्यावरचा डबाच ओढला. काठी उगारली की दात विचकून अंगावर येतात. यावर उपाय एकच, देणं बंद, आणि ते सगळ्या वाडीने एकदम बंद करायला हवं, एक जरी घर घालत राहिलं तरी टोळी तिथेच राहते. पडलेले फणस, काजूची बोंडं संध्याकाळच्या आत उचला, नाहीतर रात्री रानडुकरं आलीच समजा.

दुसरी चूक, साप दिसला की मारणे. आपल्याकडे माणसाच्या जिवावर उठणारे मुख्य चारच, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. पण मार खाते बिचारी धामण, जी बिनविषारी आहे आणि आपले उंदीर खाते! साप येतो उंदरामागे, उंदीर येतो कोंबड्यांच्या दाण्यामागे, म्हणून दाणे झाकणाच्या डब्यात ठेवा आणि चिऱ्यांचा, लाकडांचा ढीग भिंतीला टेकून रचू नका. साप दिसला तर लांबून नजर ठेवा, सर्पमित्राला फोन करा, स्वतः पकडायला जाऊ नका. आणि कुणाला चावलाच तर आवळून दोरी बांधणं, ब्लेड मारणं, मांत्रिकाकडे नेणं यात वेळ घालवू नका, सरळ १०८ ला फोन. मण्यार तर झोपेत चावते, कधीकधी चावलेलं कळतसुद्धा नाही, त्यामुळे जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी नीट खोचून घ्याच.

बिबट्याचं म्हणाल तर तो बहुतेक कुत्र्यासाठी येतो. रात्री कुत्रा अंगणात साखळीने बांधून ठेवणं म्हणजे त्याला आयतं ताट वाढणं, कुत्रा आत घ्या, गोठ्याला दार लावा. दिसला तर टॉर्च मोबाईल घेऊन घोळका करू नका, कोंडीत सापडला की तो हल्ला करतो. वनखात्याची हेल्पलाईन १९२६ आहे, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

आणि पिल्लं उचलून घरात आणू नका हो. कौलांखाली माळ्यावर कांडेचोर (उदमांजर) व्यायला की लोक लगेच भोक बुजवतात, मग पिल्लं आत अडकतात नि आई रात्रभर कौलं उचकटते. आम्ही पिल्लं मोठी होऊन निघून जाईपर्यंत थांबलो, मग दोन रात्री भोकापाशी राख पसरली, पाऊल उमटलं नाही तेव्हाच जाळी ठोकली.