आराशियामात रिक्षा कुठे घ्यावी

क्योतोला जाणार असाल, तर आराशियामातली माणसाने ओढायची रिक्षा सकाळी लवकर घ्या. आपला ‘रिक्षा’ हा शब्द मूळचा जपानी ‘जिनरिकिशा’. माणसाच्या बळावर चालणारी गाडी, असा त्याचा अर्थ.

तोगेत्सुक्यो पुलाजवळ रिक्षा उभ्या असतात. एका रिक्षात दोघे बसतात. पण बसण्याआधी दोन गोष्टी विचाराच: भाडे किती मिनिटांचे, आणि देवळासमोर थांबलो तर तो वेळही त्यातच धरणार का? देवळात रिक्षा जात नाही, त्यामुळे हिशेब इथेच चुकतो.

माझे मत विचाराल तर तेन्र्यूजी पायीच बघा. 1339 सालचे हे झेन मंदिर, आणि झेन भिक्षू मुसो सोसेकींनी घडवलेली तळ्याकाठची बाग. तिथे निवांत बसायला हवे. बाहेर रिक्षा ताटकळत असली की मन लागत नाही. रिक्षा ठेवा त्यानंतरच्या वाटेसाठी. बांबूच्या वनात रिक्षांसाठी वेगळा रस्ता आहे, गर्दीपासून दूर, आणि त्या शांततेचे मोल फार आहे. वाटेत नोनोमिया देऊळ लागते. त्याचे तोरी, म्हणजे प्रवेशद्वार, साल न काढलेल्या लाकडाचे, काळपट आहे. ओढणाऱ्या दादांना तिथे क्षणभर थांबायला सांगा. इसेच्या देवस्थानी सेवेला जाणाऱ्या राजकन्या पूर्वी अशाच ठिकाणी शुद्धीसाठी राहत.

थंडीत गुडघ्यांवर पांघरूण मिळते. उतरल्यावर बक्षिसी देण्याची तिकडे रीत नाही. कमरेत वाकून ‘आरिगातो गोझाइमास’ म्हणा.