रोमँटिक सिरीज निवडताना या चुका टाळा, माझ्या सगळ्या करून झाल्यात

"चला, काहीतरी हलकंफुलकं रोमँटिक बघूया" म्हणून बसायचं, पाऊण तास नुसते ट्रेलर बघत स्क्रोल करायचं आणि शेवटी दहादा बघितलेली फ्रेंड्सच लावून झोपायचं, असं ज्यांचं होतं त्यांच्यासाठी हे लिहितेय. आणि ज्यांनी मोठ्या हौसेने नवीन सिरीज लावली पण अकराव्या एपिसोडला रिमोट फेकावासा वाटला त्यांच्यासाठी पण.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जोडी बघून निवडणं. हिरो भारी, हिरॉईन गोड, पोस्टरवर दोघं एकमेकांकडे टक लावून बघतायत, बास, लावलं. अहो पण ते पोस्टर तुमच्यासाठीच निवडलेलं असतं! नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये स्वतःच सांगितलं होतं की एकाच गोष्टीचं चित्र ते प्रत्येकाला त्याच्या सवयी बघून वेगळं दाखवतात. उदाहरण दिलेलं गुड विल हंटिंगचं, रोमँटिक बघणाऱ्याला मॅट डेमन आणि मिनी ड्रायव्हरची जवळीक दाखवायची आणि कॉमेडीवाल्याला रॉबिन विल्यम्स. म्हणजे तुम्ही लागोपाठ चार प्रेमकथा बघितल्या असतील तर खुनाच्या सिरीजचं पोस्टरसुद्धा तुम्हाला गुलुगुलू दिसू शकतं.

मग बघायचं काय? तर अडसर. या दोघांना एकत्र यायला नक्की आडवं काय येतंय, एवढा एकच प्रश्न विचारा, कारण प्रेम जमणार हे तर आपल्याला पोस्टरवरच कळलेलं असतं, अख्खी सिरीज उभी असते ती मधल्या अडथळ्यावर. क्रॅश लँडिंग ऑन यू घ्या. ती दक्षिण कोरियातली, पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि थेट उत्तर कोरियात जाऊन पडते, तो तिथल्या सैन्यात कॅप्टन. मध्ये अख्खी सीमा, ती काय फोन करून, सॉरी म्हणून मिटणार आहे का? म्हणून ते १६ लांबच लांब एपिसोड खपून जातात. वन डे मध्ये उलट, बाहेरचं कोणी आडवं येत नाही, या दोघांची वेळच जुळत नाही. १९८८ पासून दरवर्षीची १५ जुलै, तो दिवस दोघांचा कसा गेला एवढंच दाखवलंय, १४ एपिसोड, बहुतेक अर्ध्या तासाच्या आसपासचे, त्या गोष्टीला तेवढीच जागा हवी होती.

आणि जिथे अडसर काय, तर तिने त्याला दुसऱ्या मुलीशी हसून बोलताना बघितलं आणि फोन बंद करून टाकला, तिथे एपिसोडची संख्या आधी बघा. ६ असतील तर ठीक, मजा येईल. ५० असतील तर बाई गं, सोडूनच दे, कारण दोन मिनिटं बोलून सुटणारा गैरसमज पुढचे ४४ एपिसोड कोणीतरी दारामागे उभं राहून अर्धवट ऐकण्यावर चालवतात.

संख्येवरून आठवलं, टर्किश सिरीजमध्ये माझा हिशोब साफ चुकला होता. सेन चाल कापिमी ५२ एपिसोडची वाचली, म्हटलं रोज दोन बघितले की महिन्याभरात संपेल, आणि मग कळलं की तिकडे एकेक एपिसोड दोन तासांच्या आसपास असतो! बाहेरच्या देशांत दाखवताना त्याचेच तुकडे करतात, म्हणून एकाच सिरीजचे आकडे दोन ठिकाणी वेगवेगळे दिसतात, त्यामुळे एपिसोड मोजू नका, तास मोजा. शिवाय तिकडच्या सिरीज आठवड्याला एक अशा टीव्हीवर चालू असतानाच पुढचं लिहिलं जातं, रेटिंग चांगलं आलं की गोष्ट लांबते आणि पडलं की घाईघाईत गुंडाळतात, मध्येच वेगळीच सिरीज लागल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. ब्रिजर्टनचं अजून तिसरंच, तिथे प्रत्येक सीझनला ब्रिजर्टन घरातल्या भावंडांपैकी दुसऱ्याच कोणाचं लग्न जमतं. पहिल्यातला हिरो, तो ड्यूक, दुसऱ्यात नाहीच्चे. माझ्या मैत्रिणीने अर्धा सीझन त्याची वाट बघितली बिचारीने.

भाषेच्या चुकीबद्दल कोणी फारसं बोलत नाही पण मला ती सगळ्यात महागात पडली. कोरियन आणि टर्किश दोन्हीत आपल्यासारखंच तू आणि तुम्ही वेगळं आहे. दोघं इतके दिवस एकमेकांना अहो-जाहो करतायत आणि एक दिवस तिच्या तोंडून पटकन 'तू' निघून जातं, तो खरा मोठा सीन असतो, तिथे हात धरण्याचीही गरज नाही. इंग्लिश सबटायटलमध्ये दोन्हीकडे एकच शब्द, सगळं सपाट! मी अख्खी सिरीज तशी संपवली आणि वर म्हणत बसले की यांच्यात केमिस्ट्रीच नाही. हिंदी डब असेल तर एकदा तपासून बघा, त्यात आप-तुम राखलेलं असेल तर इंग्लिश वाचण्यापेक्षा बरं. मूळ आवाज ऐकायचा असेल तर कोण कोणाला कसं हाक मारतंय तिकडे कान ठेवा, दोन-तीन एपिसोडमध्ये कळायला लागतं.

घरच्यांसोबत बघणार असाल तर सुरुवातीला कोपऱ्यात वयाचं रेटिंग आणि त्याखाली बारीक अक्षरात दोन शब्द येतात ते वाचा. जुन्या काळातले लांब झगे घातलेत म्हणजे सोज्वळच असणार, या भ्रमात मी आईला घेऊन बसले होते. आम्ही दोघी दहा मिनिटं पंख्याकडे बघत होतो. आणि आउटलँडरला नुसती टाइम ट्रॅव्हलची लव्हस्टोरी समजून बसू नका, त्यात लैंगिक अत्याचाराचे फार जड प्रसंग आहेत, पहिल्या सीझनच्या शेवटी तर खासच, ते माहीत असूनच लावा.

आता लावलेली सिरीज जमत नसेल तर. कोरियन असेल तर दोन एपिसोड दिल्याशिवाय सोडू नका, तिकडे सहसा आठवड्याला दोन दाखवतात त्यामुळे पहिल्याची गाठ दुसऱ्याच्या शेवटी बसते. तेराव्या-चौदाव्याला ताटातूट होणार, हे जवळपास ठरलेलंच, चिडून बंद करू नका, एक दिवस गॅप घ्या. पण सहाव्यापर्यंत जर तुम्हाला हिरोपेक्षा तो बाजूचा दुसरा मुलगाच आवडायला लागला असेल तर सांभाळा, हिरॉईन त्याला मिळत नाही, जवळपास कधीच नाही.

शेवट गोड आहे का हे सर्च करायचा मोह मला पण होतो. तसं केलं की शेवटाबरोबर मधलं पण सगळं समोर येतं. त्यापेक्षा जिने बघितलीय तिला एवढंच विचारा, "रडायला लागेल का?" हो किंवा नाही, पुढे एक शब्द नको, काही जणी हो म्हणताना कोण मरतं ते पण सांगून टाकतात.

आणि एकदा चुकून काहीतरी भंगार बघितल्यामुळे रोज तसलंच समोर येत असेल तर नेटफ्लिक्सवर अकाउंटमध्ये जाऊन व्ह्यूइंग हिस्ट्रीतून ती सिरीज हाइड करा, परिणाम दिसायला २४ तास लागू शकतात. तिथेच प्लेबॅक सेटिंगमध्ये पुढचा एपिसोड आपोआप सुरू होणं पण बंद करता येतं. मी बंद केलंय. आता रात्री दोन वाजता पुढचा एपिसोड मला स्वतःच्या हाताने लावावा लागतो.