शिकाऊ उमेदवार घेताय? आधी या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक पहिल्याच दिवशी होते. मुलगा सोमवारपासून मशीनवर उभा राहतो आणि करार मात्र ‘बघू सावकाश’ म्हणून मागे पडतो. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो, त्यामुळे त्याला पीएफ आणि ईएसआय लागू होत नाही. पण ही सवलत करारामुळे मिळते. करार नसेल तर तो तुमचा साधा कामगारच ठरू शकतो आणि पीएफपासून किमान वेतनापर्यंत सगळी देणी अंगावर येतात. शिवाय त्या महिन्यांच्या विद्यावेतनातला सरकारी वाटाही मिळत नाही. म्हणून अप्रेंटिसशिप पोर्टलवर आस्थापनेची नोंदणी, उमेदवाराची आधार ई-केवायसी, करार तयार करणं, उमेदवाराने तो स्वीकारणं आणि मंजुरी हे सगळं झाल्यावरच गेटपास द्या. उमेदवार अठराच्या आतला असेल तर करार पालकाच्या नावे होतो.

दुसरी चूक मोजणीची. 30 किंवा जास्त माणसं असतील तर उमेदवार घेणं सक्तीचं आहे, 4 ते 29 असतील तर ऐच्छिक. प्रमाण एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के, आणि यात कंत्राटी माणसंही धरायची. इथेच गफलत होते. कायम 70 आणि कंत्राटी 50 असतील तर हिशेब 120 वर, म्हणजे किमान 3 आणि कमाल 18. फक्त कायम माणसं धरून दोघांवर थांबलात की कमी पडलेल्या जागेमागे पहिले तीन महिने दरमहा 500 रुपये आणि पुढे दरमहा 1000 रुपये दंड बसू शकतो. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली मुलं या आकड्यात धरू नका. त्यांचा या कायद्याखाली करार झालेला नसतो.

आता पैशांचं. बहुतेक तक्रारी इथूनच येतात. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा 25 टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त 1500 रुपये इतका वाटा उचलतं. विद्यावेतन 7000 ठरलं असेल तर 25 टक्के 1750 होतात, मात्र सरकार देणार 1500, म्हणजे कंपनीने 5500 द्यायचे. 2023 पासून सरकारी वाटा थेट उमेदवाराच्या खात्यात जातो. जुन्या सवयीने पूर्ण रक्कम देऊन परताव्याची वाट पाहू नका. किमान दर नियमांत ठरलेले आहेत आणि ते बदलतात, तेव्हा करारात आकडा टाकण्याआधी पोर्टलवरचा चालू दर पाहा.

‘सरकारचे पैसे आले नाहीत’ असं उमेदवार म्हणाला तर आधी आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते विचारा. मुलाने मध्येच दुसऱ्या बँकेत खातं उघडून आधार तिथे जोडलं की जोडणी तिकडे सरकते. पैसे नव्या खात्यात पडतात आणि तो जुनं पासबुक भरून घेत बसतो. तिथे सगळं ठीक असेल तर पोर्टलवर तुमच्याकडून त्या महिन्याची नोंद राहिली आहे का ते तपासा. कंपनीचा वाटा पुढच्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत बँकेतूनच द्या, रोख नको.

आणि कामाचं काय? आमच्या मते खरी कसोटी हीच. उमेदवाराला पीस रेटवर, म्हणजे नगामागे मजुरीवर, लावता येत नाही, उत्पादन बोनसच्या योजनेत ओढता येत नाही, सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइमही देता येत नाही. वर्षभर पॅकिंगला लावलेला फिटर परीक्षेच्या प्रॅक्टिकलला कानस हातात घेऊन गोंधळतो, आणि ते त्याचं नुकसान कोणी भरून देत नाही. त्याची नोंदवही दर आठवड्याला उघडून पाहा. ‘फिटिंगचं काम केलं’ एवढंच लिहिलेलं असेल तर प्रशिक्षण चाललेलं नाही. ‘चौकोनी तुकडा घासला, व्हर्नियर मापकावर 40.06 मिमी आला, पुन्हा घासून 40.02 वर आणला’ अशी नोंद दिसली की समजा, कोणीतरी त्याच्या शेजारी उभं राहून शिकवतंय. तो माणूस नेमून द्या, आणि त्याच्या रोजच्या टार्गेटमधून तेवढा वेळ वजा करा.

मुलगा मध्येच यायचा बंद झाला तर करार तसाच उघडा ठेवू नका. कारण नोंदवून रीतसर संपुष्टात आणा, नाहीतर तो कागदोपत्री तुमच्याकडेच राहतो आणि त्याला दुसरीकडे करार करता येत नाही.