लाईन गेली आणि तिन्ही सर्व्हर पडले: गॅलेरा क्लस्टर पुन्हा कसा उठवावा

कापसाचा हंगाम, जिनिंगच्या फाटकापासून डांबरी रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग, आणि काट्यावरच्या स्क्रीनवर ‘डेटाबेस जोडला जात नाही’. आमच्या यवतमाळ-वर्ध्याकडे याचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं. लाईन गेली, जनरेटर वेळेवर उचलला नाही, यूपीएसची बॅटरी बसली आणि तिन्ही सर्व्हर एकदम पडले. लाईन आल्यावर मशिनी चालू होतात, मारियाडीबी या डेटाबेसची सर्व्हिस मात्र उठत नाही. तीन नोडच्या गॅलेरा क्लस्टरवर, म्हणजे एकच डेटा तीन सर्व्हरवर (नोडवर) एकसारखा ठेवणाऱ्या जोडणीवर, हे मी इतक्यांदा केलंय की आता क्रम पाठ आहे.

आधी साधं पाहून घ्या. डिस्क भरली आहे का, आयनोड (डिस्कवर प्रत्येक फाईलसाठी लागणाऱ्या नोंदी) संपलेत का, स्विच चालू झाला का, नोडना एकमेकांचे 4567, 4568 आणि 4444 हे पोर्ट (जोडणीचे मार्ग) उघडे मिळतात का. यात काही सापडलं तर तेच दुरुस्त करा.

मग जर्नलसीटीएल (लिनक्सचा लॉग) उघडून मारियाडीबीच्या शेवटच्या ओळी वाचा. ‘फेल्ड टू रीच प्रायमरी व्ह्यू’ दिसलं तर सर्व्हिस बिघडलेली नाही. प्रत्येक नोड चालू क्लस्टर शोधतोय आणि क्लस्टर कुठंच नाही, म्हणून तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेत. कितीही रिस्टार्ट मारा, उपयोग नाही. कोणातरी एकाला पहिलं उभं करावं लागतं.

कोणाला, हाच खरा प्रश्न, आणि इथंच लोक घात करतात. जो तो सांगतो, ‘डेटा फोल्डरमधल्या जीआरए-स्टेट फाईलमध्ये सेफ टू बूटस्ट्रॅपच्या पुढचा 0 काढून 1 करा, झालं.’ तो 1 म्हणजे ‘क्लस्टर या मशिनपासून सुरू करायला हरकत नाही’ अशी खूण. कोणत्या मशिनवर करायचं ते कोणी सांगत नाही.

ही चूक मी केली आहे. रॅकमधला सगळ्यात वरचा सर्व्हर हाताशी होता, त्याच्यावर 1 केला. क्लस्टर लगेच उठला. बाकी दोघांनी त्याच्याकडून अख्खा डेटा घेतला आणि स्वतःकडचा टाकून दिला. पण वरच्या सर्व्हरची केबल सकाळीच ढिली झाली होती. तो लाईन जायच्या कितीतरी आधी क्लस्टरबाहेर पडला होता, त्या दिवसाचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी एक काका काट्याची पावती घेऊन पेमेंटच्या खिडकीशी आले. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, शिक्का, सही, सगळं त्या कागदावर होतं. संगणकात तो पावती क्रमांकच नव्हता. ‘माहा कापूस कुठी गेला मंग?’ काकांनी विचारलं. त्या दिवसाच्या सगळ्या पावत्या आम्ही कार्बन कॉपीवरून रात्रभर बसून पुन्हा भरल्या.

म्हणून आता असं करतो. तिन्हीकडे सर्व्हिस पूर्ण बंद. मागं एखादी प्रोसेस राहिली नाही ना, तेही पाहतो. मग तिन्ही डेटा फोल्डरची वेगळ्या डिस्कवर कॉपी. मालक डोक्यावर उभा असला तरी ही पायरी सोडू नका.

नंतर प्रत्येक नोडवर जीआरए-स्टेट फाईल वाचा. लाईन अचानक गेली असेल तर सीक्वेन्स नंबर (नोडकडे पोचलेल्या शेवटच्या बदलाचा क्रमांक) -1 दिसेल. याचा अर्थ डेटा गेला असा नाही, बंद होताना नोंद करायला वेळ मिळाला नाही एवढाच. खरा आकडा काढायला मारियाडीबी ‘डब्ल्यूएसरेप रिकव्हर’ पर्याय देऊन चालवा. युजर ‘मायएसक्यूएल’च द्या. रूटनं चालवलं तर काही फाईली रूटच्या मालकीच्या होऊन बसतात आणि पुढं परवानगीच्या एररवर तुमचा तासभर जातो. लॉगमध्ये ‘रिकव्हर्ड पोझिशन’ अशी ओळ येते: आधी लांबलचक यूयूआयडी (क्लस्टरची ओळख), मग कोलन (:), मग आकडा.

तिन्ही आकडे कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका. समजा 48211, 48211 आणि 47960 आले. यूयूआयडी तिन्हीकडे एकच असेल तर 48211 वाल्यांपैकी कोणताही चालेल. यूयूआयडी वेगळा असेल तर आकड्यांची तुलनाच करू नका, ते नोड वेगवेगळ्या क्लस्टरचे आहेत. यूयूआयडी सगळा शून्य आणि पुढं -1 असेल, तर त्या नोडचा डेटा भरवशाचा नाही, तो अर्धवट कॉपी घेताना पडलेला असू शकतो. त्याला पहिला मान कधीच देऊ नका.

आता निवडलेल्या नोडवर, फक्त त्याच्यावर, 0 चा 1 करा आणि ‘गॅलेरा न्यू क्लस्टर’ कमांड एकदाच द्या. दुसऱ्या नोडवरही 1 करून हीच कमांड दिली तर दोन वेगळे क्लस्टर तयार होतात आणि काट्याच्या पावत्या दोन्हीकडे वाटल्या जातात.

बाकीचे दोन साध्या स्टार्ट कमांडनं, एकामागून एक. डेटा मोठा असेल तर पूर्ण कॉपीला वेळ लागतो आणि स्क्रीन अडकल्यासारखी दिसते. ती तोडू नका. जुन्या आवृत्त्यांत सर्व्हिस चालू-बंद करणारं सिस्टमडी 90 सेकंदांनी स्वतःच सर्व्हिस मारतं, तेव्हा स्टार्ट टाइमआउट आधीच वाढवून ठेवा.

इनोडीबी फोर्स रिकव्हरी (बिघडलेला डेटाबेस जबरदस्तीनं उघडायची सेटिंग) 6 लावा, असं कोणी म्हणालं तर हात लावू देऊ नका. 4 किंवा त्यावरच्या आकड्यानं डेटा कायमचा बिघडू शकतो.

शेवटी डब्ल्यूएसरेप क्लस्टर साइझ 3, स्टेटस प्रायमरी, आणि तिन्ही नोड सिंक्ड दिसले पाहिजेत. मग लाईन जायच्या आधीची शेवटची कागदी पावती मागवा, तिचा क्रमांक डेटाबेसमध्ये शोधा. सापडला की काटा सुरू करा.