हवामानबदल आणि अँटिबायोटिक रेझिस्टन्स: ह्या रिसर्चमध्ये यायचं असेल तर

मी निपाणीकडचा. एमबीबीएस, एमडी मेडिसिन, मग नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा देऊन इन्फेक्शियस डिसीजेसमध्ये (संसर्गजन्य रोगांत) तीन वर्षांचं डीएम, म्हणजे एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी डिग्री, आणि आता बेळगावात पेशंट बघत बघत ह्या विषयावर काम करतोय. ज्युनिअर सारखे विचारतात की ह्यात शिरायचं कसं, म्हणून लिहितोय.

हवामानाचा आणि रेझिस्टन्सचा, म्हणजे जंतूंनी अँटिबायोटिकला दाद न देण्याचा, काय संबंध, असं मलाही आधी वाटायचं. २०१८ ला 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये अमेरिकेतल्या डेटावर पेपर आला, जिथं किमान तापमान १० अंश सेल्सिअसनी जास्त तिथं ई. कोलाय ह्या जंतूचा रेझिस्टन्स ४.२ टक्क्यांनी जास्त. दोन्ही एकत्र दिसतात एवढंच ह्यातून कळतं, कारण सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवा. आपल्याकडं मला त्याहून मोठा वाटतो तो पूर. ऑगस्ट २०१९ ला वेदगंगा, दूधगंगा ह्या नद्या गावात शिरल्या तेव्हा गटार, गोठा, विहीर सगळ्याचं पाणी एक झालं होतं.

त्या महिन्यांचे कल्चर रिपोर्ट (पेशंटच्या नमुन्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून कुठलं औषध चालतं ते बघतात, ते) काढले तर रेझिस्टन्स एकदम वाढलेला, मला वाटलं सापडलं काहीतरी. गाईड मॅडमनी एवढंच विचारलं, "तेव्हा पोचले कोण?" रस्ते बंद, साध्या तापाचे घरीच, आले ते दोन-तीन अँटिबायोटिक खाऊन थेट आयसीयूत. वाढ पुरामुळं की असेच पेशंट आल्यामुळं, सांगताच येईना, सहा महिन्यांचं काम पुन्हा पहिल्यापासून केलं.

म्हणून सुरुवात लॅबच्या रजिस्टरपासून करा. एका पेशंटचा पहिलाच आयसोलेट (नमुन्यातनं वेगळा केलेला जंतू) धरा, जंतूच्या एका जातीचे आयसोलेट ३० पेक्षा कमी असतील तर टक्केवारी काढूच नका, असे लॅबचे आकडे मांडायला व्होनेट (WHONET) सॉफ्टवेअर फुकट आहे ते शिका, एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्या. आणि गावाचं नाव लिहून घ्या, नुसतं 'बेळगाव' लिहिलं तर पावसाचे आकडे जोडणार कशाला, खानापूरचा पाऊस वेगळा नि अथणीचा वेगळा.

कन्नड बोलता आलंच पाहिजे, निम्मी हिस्ट्री त्यातच मिळते. आणि गोळ्यांची नावं विचारत बसू नका, पाकीट आणायला सांगा. एका आज्जींनी पिशवीतनं अझिथ्रोमायसिनची अर्धी स्ट्रिप काढली, म्हणाल्या, "गेल्या पावसाळ्यातली हाय, बरं वाटलं म्हणून यंदाला ठेवली की." तेव्हापासनं माझ्या फॉर्ममध्ये 'घरात उरलेल्या गोळ्या' असा रकाना आहे.