बेळगावच्या टिळकवाडीतल्या बैठकीच्या खोलीत ‘मेडशेन इन युनिफॉर्म’ कसा दाखवायचा

आधी माणसं निवडा. सहाजणी पुरे. हा १९३१चा जर्मन सिनेमा आहे, दीड तासाच्या आतला. मुलींच्या वसतिगृहातली मानुएला आपल्या शिक्षिकेच्या प्रेमात पडते, ही त्याची गोष्ट. दिग्दर्शिका लिओन्टिन सागान. पडद्यावर एकही पुरुष नाही, हे आधी सांगू नका. बघू कोणाच्या लक्षात येतं.

सबटायटल्स इंग्रजी असतात. खानापूरच्या मावशींना ती झरझर वाचता येत नाहीत, म्हणून एकीनं शेजारी बसून हळूच मराठीत सांगावं. कानडी शाळेत शिकलेली मैत्रीण असेल तर कानडीत. फक्त शिलरचं ‘डॉन कार्लोस’ नाटक मुली करतात तिथे तोंड बंद. मानुएला पुरुषवेषात उभी राहते, नंतर पंच पिऊन सगळ्यांसमोर बाईंवरचं प्रेम बोलून टाकते. तिथे मानुएला झालेल्या हेर्टा थीलेचा चेहरा बघा.

जिना विसरू नका. पॉट्सडॅमच्या त्या वसतिगृहात वरून खाली बघितलं की पोटात गोळा येतो, आणि शेवट तिथेच होतो. क्रिस्टा विन्स्लोच्या मूळ नाटकात मुलगी मरते. सिनेमात बाकीच्या मुली तिला वाचवतात. हे चहाच्या वेळी सांगा, आधी नाही.

मग कोणीतरी म्हणेलच, "अगं, पण ती चौदाची, आणि त्या तिच्या बाई!" टाळू नका. माझं मत: मुलीचं प्रेम खरं, जबाबदारी मोठ्या माणसाची, आणि खरी क्रूर मुख्याध्यापिकाच. आमच्या मावशींना ती फार ओळखीची वाटली.

कुंदा (आमची बेळगावची दुधाची मिठाई) मात्र मध्यंतरात नको, हात चिकट होतात.