ग्रीन पिवळं पडलं? युरिया नको, आधी होल कटर आणा

गोल्फच्या ग्रीनवरचं, म्हणजे भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवरचं, टिफड्वार्फ गवत म्हणजे हरळीचाच संकर, गणपतीला वाहतो त्या दूर्वांच्या नात्यातला. शेतात हरळी काही केल्या मरत नाही आणि ग्रीनवर मात्र चार दिवसांत रुसते. कारण तिथे आपण तिला ३-४ मिलिमीटरवर कापतो. एवढ्याशा पात्याने मुळांना पोसायचं तरी कसं?

पावसाळ्यात ग्रीन पिवळं दिसलं की पहिला हात युरियाच्या गोणीकडे जातो. इथेच चूक होते. गवत दोन दिवस टवटवीत दिसतं, मग लुसलुशीत वाढीवर बुरशी तुटून पडते. युरियाआधी होल कटरने, म्हणजे चेंडूचं भोक पाडायच्या नळीसारख्या अवजाराने, मातीसकट गवताचा एक गठ्ठा काढा आणि कडेने नीट बघा. पांढरी मुळं बोटभर खोल गेलेली असतील तर अन्न कमी पडतंय असं समजा. मुळं तपकिरी, आखूड, खाली काळा थर आणि सडक्या अंड्यासारखा वास आला, तर ती गुदमरताहेत. त्यावर खत चालत नाही. पोकळ दातांच्या मशीनने भोकं पाडायची, माती बाहेर काढायची आणि भोकात वाळू भरायची.

वाळूवरून आठवलं. एका वर्षी पैसे वाचवायला आम्ही प्लास्टरची क्रश सँड पसरली. तिच्यातल्या भुकटीने भोकं लिंपल्यासारखी बुजली आणि पहिल्या सरीला ग्रीनवर तळं! तेव्हापासून टेम्पो उतरवण्याआधी मूठभर वाळू पाण्याच्या बाटलीत टाकून हलवतो. अर्ध्या तासाने वर चिखलाचा थर दिसला की टेम्पो परत.

संध्याकाळचं पाणीही बंद करा. पात रात्रभर ओली राहिली की बुरशीचं फावतं. पाणी पहाटे द्या, आणि दव पडलं असेल तर कापणीआधी लांब बांबूने झाडून घ्या.

पातीची टोकं पांढुरकी, फाटलेली दिसली तर तो रोग नाही, मोव्हरची, म्हणजे गवत कापायच्या मशीनची, धार गेली आहे. रीलमध्ये, म्हणजे तिच्या फिरत्या पात्यांत, कागदाची पट्टी धरून रील हाताने फिरवा. कागद सरळ कापला गेला पाहिजे. दुमडला तर मशीन आधी वर्कशॉपला.

लव्हाळा उपटत बसू नका. जमिनीतली गाठ राहते आणि एकाचे चार होतात. त्यावर ऊसवाल्यांच्या ओळखीचं हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक वापरा, ते हरळीला सोसतं. लेबल वाचून, आधी कोपऱ्यात करून बघा.

फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या लांब गवताळ पट्ट्यावर, साळुंक्या, कावळे एकाच जागी टोचताहेत आणि गवत सतरंजीसारखं उचलून येतंय? ती हुमणी, मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी. वळवाच्या सरींनंतर रात्री कडुनिंब, बाभळीवर भुंगेरे बसतात, तेव्हाच झाडं हलवून गोळा करा. अळ्या मोठ्या झाल्या की औषधालाही दाद देत नाहीत.

आणि खेळाडूंनो, चेंडू आदळून ग्रीनवर पडलेला खड्डा दुरुस्तीच्या छोट्या काट्याने वर उचकटू नका, मुळं तुटतात. कडेचं गवत मध्याकडे ढकला, वरून पटरने (ग्रीनवर चेंडू ढकलायच्या काठीने) हलकेच दाबा. एवढं केलंत तर आमच्या माळ्यांची निम्मी सकाळ वाचेल.